गॅलरीखालचा डाग

ऑपरेशनला सतरा दिवस झाले आणि मिस्त्रीला पडून राहायचा वीट आला. छाती उघडून पुन्हा शिवलेली. घरी सोडताना डॉक्टरांनी कागदावर लिहूनच दिलं होतं, सहा आठवडे जिना चढायचा नाही, वजन उचलायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. तो कागद बायकोने फ्रीजवर चिकटवला होता, आणि नवऱ्याने नुसती कूस बदलली तरी ती वकिलासारखी त्यातलं कलम काढून दाखवायची.

चाळीस वर्षं त्याने लोकांच्या घरांचे स्लॅब टाकले होते. साइटवर त्याच्या माघारी त्याला 'ओळंबा' म्हणत, कारण भिंत दोन सूत कलली तरी त्याची मान आपोआप तिकडे वळायची. हे राहतं घरही त्यानेच बांधलं, बावीस वर्षांपूर्वी, सुट्टीच्या दिवसांत. आणि बांधून मोकळा झाला नाही. दर वर्षी पावसाचे दिवस सरले की त्याची फेरी असायची. गच्चीवरचा कचरा काढायचा, पाइपांची तोंडं मोकळी करायची, केसाएवढी भेग दिसली तरी ती छिन्नीने जरा रुंद करून, झाडून, धुऊन मगच भरायची. फाटकापासून दारापर्यंतचा काँक्रीटचा उतार तो हाताने घासायचा. त्यावर गाडीचं तेल सांडलं तर त्याच दिवशी निघालं पाहिजे. दर तिसऱ्या वर्षी गच्चीला पाणी न झिरपणारा लेप. शेजारी हसायचे. तो म्हणायचा, "काँक्रीट दगडासारखं दिसतं, पण दगड नाही. त्याच्याकडे बघावं लागतं."

गेल्या वर्षी धाप लागायची म्हणून फेरी चुकली. या वर्षी तर प्रश्नच नव्हता.

जिना नको म्हणून त्याची कॉट खाली पुढच्या खोलीत आणली होती. कॉटवरून खिडकीतून पुढचं दार, दारापुढचा उतार आणि वर गॅलरीची खालची बाजू दिसायची. वरच्या मजल्याची ही गॅलरी भिंतीतून चार फूट बाहेर काढलेली, खाली खांब नाही. तिच्या पोटाकडे इतका वेळ त्याने बावीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. पाहता पाहता अठराव्या दिवशी त्याला तिथे डाग दिसला. तपकिरी, चहा सांडल्यासारखा, भिंतीपासून वीतभर अंतरावर.

"अगं, तो डाग आधी होता का?"

बायकोने खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं. "असेल. धुळीचा असेल."

"धूळ वरून पडते. खालून कशी चिकटेल?"

"तुम्ही डोळे मिटा बघू."

त्याने मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढेही डाग होताच.

दुसऱ्या दिवशी लेक आली, सात महिन्यांच्या नातीला घेऊन. सोबत जावई, आठ दिवसांची रजा काढून आलेला. तो एका दवाखान्यात लोकांचे कान तपासायचा. मिस्त्रीला हा धंदा कधी नीट कळला नव्हता. बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानाला यंत्र लावायचं आणि दिवसभर विचारायचं, ऐकू येतंय का. यात दमण्यासारखं काय असतं, हा प्रश्न त्याने लग्नापासून ओठांवर दाबून ठेवला होता.

लेकीने आल्या आल्या नातीची बाबागाडी दारापुढच्या सावलीत लावली. नेमकी गॅलरीखाली.

"तिथे नको," मिस्त्री खिडकीतून म्हणाला.

"सावली आहे ना, बाबा."

"नको म्हणतोय ना. आत आण."

"का पण?"

"वर डाग आहे."

लेकीने डागाकडे पाहिलं, मग आईकडे. आईने डोळ्यांनीच काहीतरी खुणावलं. ती खूण मिस्त्रीने पाहिली. संध्याकाळी डॉक्टरांना फोन झाला. अशा ऑपरेशननंतर माणसं बारीकसारीक गोष्टींनी घाबरतात, होतं असं, म्हणाले ते, आणि रात्रीची अर्धी गोळी वाढली.

गोळीने झोप यायची, पण चैन काही पडेना. जाग आली की तो चमच्याने भिंत वाजवायचा. कॉटजवळची भिंत, खिडकीचा कट्टा, खाली वाकता येईल तेवढी जमीन. टण, टण, टण. दोन दिवसांनी बायकोने चमचा उचलून नेला. मग तो चष्म्याच्या डबीने वाजवू लागला. जेवताना त्याचं अर्धं लक्ष खिडकीबाहेर. कोणी दारातून आत आलं की तो श्वास रोखायचा, आणि माणूस गॅलरीखालून पार झाला की सोडायचा. हे दिवसातून वीस-पंचवीस वेळा. बायकोला वाटायचं, टाके दुखताहेत.

चौथ्या दिवशी सगळे स्वयंपाकघरात असताना तो उठला. फरशी पुसायच्या दांड्याला धरून दारापर्यंत गेला, दांडा उलटा केला आणि दोन्ही हात वर करून गॅलरीच्या पोटावर ठोकला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ठोकताना छातीतून अशी कळ गेली की दांडा हातातून सुटून उतारावर खडखडत गेला.

आवाज ऐकून लेक धावत आली. तिने आधी त्याला धरलं आणि मग तिचा आवाज चढला. "बावीस दिवस झालेत, बाबा. बावीस. आम्ही काय करायचं, बांधून ठेवायचं तुम्हाला?"

"आवाज ऐक. भद येतोय."

"मला काही ऐकायचं नाही."

तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. आत नात रडत होती, लेक तिला थोपटताना स्वतःही नाक ओढत होती. म्हातारा म्हणजे आता घरातलं दुसरं तान्हं मूल झालाय, असं त्याच्या मनात आलं, आणि तरीही कानात तो भद आवाज घुमतच राहिला.

थोड्या वेळाने जावई चहा घेऊन आला. कप ठेवून गेला नाही, खुर्ची ओढून बसला.

"आवाज कसा यायला पाहिजे, बाबा?"

याला समजूत घालायला पाठवलंय, हे मिस्त्रीने ओळखलं. पण विचारणारा खरंच उत्तराची वाट बघत होता. "चांगल्या काँक्रीटचा टण येतो. आत पाणी मुरलं की सळई गंजते, गंजली की फुगते. फुगली की भोवतालचा थर सुटतो, मध्ये पोकळी होते. मग भद. डब्यावर ओलं फडकं टाकून वाजवल्यासारखं."

"मी ऐकून बघू?"

आता जावयाला स्टुलावर चढवायचं म्हणजे लेकीची बोलणी वेगळी आणि बायकोची वेगळी. मिस्त्रीने जरा वळण घेतलं. "तुम्हाला उंचीची भीती वाटते?"

"वाटते."

"स्टूल तीन फुटांचंच आहे."

"मग तेवढीच वाटेल."

जावई हातोडी घेऊन चढला. मिस्त्री खिडकीशी बसून सांगत होता, कडेपासून सुरू करा, चार-चार बोटांवर मारा, भिंतीकडे सरका. टण. टण. टण. भिंतीपासून दोन फुटांवर जावई थांबला. मिस्त्री काही बोलायच्या आधीच थांबला. दोन बोटं मागे गेला, पुन्हा मारलं, कान जवळ नेला.

"इथून आवाज पडतो," तो म्हणाला. "आणि इथून पुढे पडलेलाच आहे."

त्याने पेन्सिलने रेघ ओढली. वाजवत, ऐकत, अर्ध्या बोटाचाही फरक टिपत तो ती रेघ पुढे नेत राहिला. रेघ मिटून गोल झाली तेव्हा ती डागाच्या चौपट मोठी होती. बंद खोलीत बसून हा माणूस दिवसभर काय करतो आणि का दमतो, हे मिस्त्रीला आठ वर्षांनी कळलं.

पण त्याचा जीव थाऱ्यावर येण्याऐवजी आणखी उडाला. "वर जायला लागेल," तो म्हणाला. "अशा बाहेर काढलेल्या गॅलरीची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. खालची गंजली तर पापुद्रा पडेल. वरची गंजली तर गॅलरीच पडेल."

त्याला जिना बंद, म्हणून जावई फोन घेऊन वर गेला. मिस्त्री खाली फोन कानाला लावून बसला. एव्हाना लेक आणि बायकोही दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"काय दिसतं?"

"टाइल्स. बारा-तेरा कुंड्या. कोपऱ्यात पाणी साचलंय."

"पाऊस तर नाही."

"कुंड्यांचं असेल."

"भिंतीला लागून बघा. टाइल आणि भिंत यांच्या सांध्यात."

कुंडी सरकवल्याचा आवाज आला. "भेग आहे."

"किती लांब?"

"या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"खिशात नाणं आहे? उभं घालून बघा."

"जातं."

"किती जातं?"

"अर्धं. थांबा." टाइलवर नाणं घासल्याचा आवाज आला. "पूर्ण गेलं, बाबा. आत पडलं."

मिस्त्री कॉटच्या कडेला सरकला. "तुम्ही आत्ता कुठे उभे आहात?"

"गॅलरीत."

"आत या. धावू नका, हळू. खोलीत दोन्ही पाय टेकले की सांगा."

लेकीने तोंडावर हात नेला. फोनमध्ये पावलं वाजली, एक, दोन, तीन.

"आलो."

त्यानंतर पाच मिनिटं घरात कोणी कोणाला काही सांगितलं नाही, पण सगळे कामाला लागले. बायकोने पुढच्या दाराला आतून कडी घातली आणि वर खुर्ची लावली. लेकीने बाबागाडी मागच्या दाराशी नेली, पण नातीला तिच्यात ठेवलं नाही, कडेवरच घेऊन फिरत राहिली. जावई फाटकाला दोरी बांधून आला. आणि मिस्त्रीने चिमणीला फोन लावला.

चिमणी पूर्वी त्याच्या साइटवर घमेली उचलायची. तेव्हा काडीसारखी होती म्हणून चिमणी. आता चांगली भरदार झाली होती, स्वतःची माणसं घेऊन घरांच्या डागडुजीची कामं करायची, पण नाव चिमणीच राहिलं. तासाभरात ती आठ लोखंडी टेकू आणि दोन कारागीर घेऊन मागच्या दाराने आत आली.

"आधी टेकू, मग कुंड्या, मग हातोडा," मिस्त्री कॉटवरून म्हणाला.

"शिकवा आता मला," चिमणी म्हणाली आणि बाहेर गेली.

टेकू बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोडकाम सुरू झालं आणि घर दातांच्या दवाखान्यासारखं घुमू लागलं. पेन्सिलच्या रेघेवर नुसता दुसरा घाव बसला आणि परातीएवढा थर खाली उतारावर पडून फुटला. बाबागाडी ज्या जागी लावली होती, तिथून हातभर. लेक खिडकीतून ते पाहत होती. ती वळली, वडिलांच्या कॉटजवळ आली, त्यांच्या पायावरची चादर उगाचच नीट केली आणि गेली.

वरच्या बाजूच्या अकरा सळयांपैकी चार चिमणीच्या माणसाने हाताने मोडून दाखवल्या. बोटाएवढ्या होत्या त्या काडीएवढ्या उरल्या होत्या.

दुपारी चिमणी आत आली ती हातात काहीतरी घेऊन. "मिस्त्री, गॅलरीतलं पाणी जायला वाट कुठे ठेवली होती?"

"डाव्या कोपऱ्यात, कठड्याखाली. तीन इंची पाइप."

"तो बुजलाय."

"कचरा असेल. कुंड्यांची माती."

"कचरा नाही."

तिने हातातली वस्तू चादरीवर ठेवली. सिमेंटचा लांबट गोल तुकडा, पाइपाच्या आकाराचा. त्याचं एक तोंड थापीने घासून काचेसारखं गुळगुळीत केलेलं. "असं तोंड घासणारा मला एकच माणूस माहीत आहे," चिमणी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. एकदा गच्चीचा पाइप गोणपाटाने बुजू दिला म्हणून याच माणसाने तिला दोन दिवस घरी बसवलं होतं. ते तिने काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं मिस्त्रीला वाटलं.

त्याला सगळं आठवलं. लेकीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात गॅलरीत नव्या टाइल्स घातल्या होत्या. तो पाइप बरोबर पुढच्या दारावर यायचा. वर गॅलरी धुतली की खाली येणाऱ्याच्या डोक्यावर धार. अर्ध्या तासाचं काम होतं. नंतर बाजूला दुसरी वाट काढू, असं म्हणून त्याने तो पाइप बुजवला. ते 'नंतर' कधी आलं नाही. वार्षिक फेरीत तो गच्ची बघायचा, उतार बघायचा, भिंती बघायचा. गॅलरीला नव्या टाइल्स आहेत, तिला काय होतंय, असं म्हणून दारातूनच परत फिरायचा.

बायको, लेक, जावई, सगळे उभे होते. रंगाऱ्याने बुजवलं असेल, असं म्हणायला जागा होती.

"मी बुजवलाय," तो म्हणाला. "लग्नाच्या वेळी. यांच्या मंडळींच्या डोक्यावर पाणी पडू नये म्हणून."

"मीच मागे लागले होते," बायको म्हणाली. "रोज टुमणं लावलं होतं मी."

"तू लावणारच. तुला काय माहीत. नाही म्हणायचं काम माझं होतं."

मग जावई म्हणाला, "माझे वडील त्या दिवशी तशीही छत्री घेऊनच आले होते."

आधी चिमणी हसली, मग बायको, मग लेक, आणि लेकीचं हसणं मध्येच रडण्यात गेलं. मिस्त्री हसला नाही. तो त्या गुळगुळीत तोंडावर अंगठा फिरवत होता.

काम बारा दिवस चाललं. गंज तारेच्या ब्रशने काढला, मोडक्या सळयांशेजारी नव्या बांधल्या, नवं काँक्रीट भरलं, ओली गोणपाटं टाकली, पाण्याला बाजूच्या कोपऱ्यातून वाट दिली. खालच्या कडेला बोटभर खाच काढली, म्हणजे थेंब पोटाकडे न सरकता तिथेच तुटून पडेल. जावयाची रजा संपून तो कामावर गेला. घरात सगळ्यांना वाटलं, आता म्हातारा निवांत होईल. अर्धी गोळी बंद झाली.

म्हातारा निवांत झाला नाही. उलट आता तो कॉटवर बसला की पाय हलवत बसायचा. बायकोने विचारलं तर म्हणायचा, काही नाही. खरं कारण त्याने रविवारी जावई आला तेव्हा त्यालाच सांगितलं.

"आपल्या घरी बुजवलं आणि दोन-तीन वर्षं काही झालं नाही," तो म्हणाला. "म्हणून मला वाटलं, काही होत नाही. नंतर लोकांनी सांगितलं तसं मी बुजवत गेलो. कोणाला खाली दुकानावर पाणी पडायचं, कोणाला गॅलरीला काच लावून खोली करायची होती."

"किती घरं?"

"तीन. तीन नक्की. चौथं आठवत नाही." त्याचा पाय पुन्हा हलू लागला. "रोज आठवायचा प्रयत्न करतो."

सहा आठवडे पुरे झाले त्या दिवशी डॉक्टरांनी जिना मोकळा केला. सकाळी जावई गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर एका पिशवीत हातोडी, छिन्नी आणि पेन्सिल.

"घरात काय सांगितलंत?" मिस्त्रीने विचारलं.

"तुम्हाला फिरवून आणतो म्हणालो."

"खोटं नाही ते."

पहिलं घर दोन मजली होतं, गजबजलेल्या रस्त्यावर, खाली चपलांचं दुकान. मिस्त्री एकेका पायरीवर थांबत वर गेला. दार एका तरुण बाईने उघडलं. तिने त्याला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. घर तिच्या सासऱ्यांनी बांधून घेतलं होतं आणि सासरे आता नव्हते.

"कुठल्या कंपनीकडून आलात?"

"कुठल्याच नाही. हे घर मी बांधलंय. तुमच्या गॅलरीत मी एक चूक करून ठेवली आहे, ती बघायला आलोय."

बाईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग त्याच्या शर्टाच्या वरच्या उघड्या बटणातून डोकावणाऱ्या ताज्या टाक्यांच्या खुणेकडे. दार अर्धं लोटून ती नवऱ्याला फोन करायला आत गेली. मिस्त्री जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. जावई म्हणाला, पायरीवर बसा. तो म्हणाला, नको. दाराआडून तुकडे ऐकू येत होते, एक म्हातारे आहेत, नाही, पैसे नाही मागत, चूक म्हणतात.

ती परत आली. "या. पण चपला बाहेर काढा."

गॅलरीत कठड्याकडच्या बाजूला टाचभर पाणी होतं. शेवाळलेलं, हिरवं, बुडाला दोन कपड्यांचे चिमटे. मिस्त्री उंबऱ्याच्या आत थांबला, जावयालाही हाताने अडवलं, आणि आधी भिंतीलगतचा सांधा नीट पाहिला. भेग नव्हती. त्याने पुन्हा पाहिलं. मग जावयाने आतून हात लांबवून फरशी वाजवली. टण. आणखी पुढे, टण. कोपऱ्यात जरासा मंद, पण टण.

"वेळेत आलो," जावई म्हणाला.

"या घरी," मिस्त्री म्हणाला.

कठड्याखालचं बुजवलेलं तोंड शोधायला त्याला वेळ लागला नाही. जावयाने छिन्नी लावली. त्याचा हात कच्चा होता, घाव तिरपे बसत होते, आणि मिस्त्री मागून सांगत होता, सरळ धरा, घाई नको, कडेकडेने घ्या. हात पुढे करून हातोडी काढून घ्यायची ओढ त्याने तीनदा गिळली. बाईने पाणी आणून दिलं आणि तिथेच उभी राहून पाहू लागली. पाऊण तासाने सिमेंटचा गोळा सुटून हातात आला आणि साचलेलं हिरवं पाणी भसकन त्या वाटेने निघालं.

खाली दुकानासमोरून कोणीतरी ओरडलं. मग आणखी कोणीतरी. बाई घाबरून कठड्याकडे निघाली.

"ओरडू दे," मिस्त्री म्हणाला, आणि पाणी पूर्ण उतरेपर्यंत जागचा हलला नाही. मग जिन्याकडे वळता वळता त्याने जावयाला विचारलं, "तुम्हाला किती वाजेपर्यंत सवड आहे?"